नेब्बिओलो, बारोलो आणि लांगेच्या टेकड्या

तोरिनोकर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, आज रविवार आहे आणि खिडकीबाहेर समोरची बिल्डिंगसुद्धा दिसत नाही इतकं धुकं आहे, म्हणून शेवटी बसलोच. मी गेली सहा वर्षं इटलीत तोरिनोला नोकरी करतो. इथून दक्षिणेला गाडीने तासाभरावर लांगे नावाचा टेकड्यांचा भाग आहे, अल्बा हे त्यातलं मुख्य गाव, आणि अल्बाच्या खाली बारोलो. गाव एवढंसं आहे, सातशेच्या आसपास वस्ती, पण त्याच्या नावाची रेड वाईन जगभर जाते. ती ज्या द्राक्षापासून होते ते नेब्बिओलो. आजचा धागा त्याच्यासाठी.

नाव बहुतेक 'नेब्बिया'वरून आलं असं म्हणतात, म्हणजे धुकं. हे द्राक्ष इथल्या सगळ्या जातींमध्ये जवळजवळ शेवटी पिकतं, ऑक्टोबरात, आणि तेव्हा सकाळी दऱ्या धुक्याने भरलेल्या असतात. काहीजण म्हणतात की पिकलेल्या मण्यांवर पांढरी पावडर धरते त्यावरून नाव पडलं. मला पहिलं पटतं, कारण ते डोळ्यांनी पाहिलंय. ला मोर्रा गावात वर एक सज्जा आहे, तिथे सकाळी आठला उभं राहिलं की खाली पांढरा समुद्र आणि त्यातून फक्त टेकड्यांचे माथे आणि एखाददुसरा किल्ल्याचा बुरूज वर आलेला. वरंध किंवा माळशेजला पावसाळ्यात ढग खाली दिसतात ना तसंच, फक्त थंडी कडक आणि उतारांवर जिकडे बघाल तिकडे द्राक्षवेलींच्या ओळी.

आता वाईनबद्दल. ग्लासात ओतली की पहिल्यांदा माणूस फसतो. रंग एकदम फिका, कोकम सरबतात पाणी जास्त झाल्यासारखा, आरपार दिसतं. वय झालं की कडेने विटकरी होत जातो. त्यामुळे वाटतं हलकी असणार. तोंडात घेतली की कळतं. आंबटपणा सणसणीत, दारू १४ टक्क्यांच्या वर, आणि तुरटपणा असा की हिरड्या आणि गाल आतून कोरडे पडतात. इंग्रजीत ह्याला टॅनिन टॅनिन म्हणतात आणि लोक गोंधळतात, पण आपल्याकडे षड्रसांत तुरट ही सरळ वेगळी चव आहे, आपण लहानपणापासून आवळा, जांभूळ, कात, कच्चं केळं खाऊन ती ओळखतो. मराठी माणसाला बारोलो समजायला तोच एक शब्द पुरेसा आहे असं मला मनापासून वाटतं.

आणि वास! गुलाब आणि डांबर, ही जोडी इथे सगळेच सांगतात. ताजा गुलाब नाही, सुकवलेल्या गावठी गुलाबाच्या पाकळ्या, थोडा गुलकंदाकडे जाणारा. डांबर म्हणजे रस्त्यावर गरम ओतलेलं, पण लांबून आलेलं. मग सुकी चेरी, ज्येष्ठमध, जुन्या बाटलीत ओली माती आणि चामडं. मला हे सगळं पहिल्याच वेळी कळलं असं नाही, पहिल्या वर्षी मला ही वाईन आवडलीच नव्हती. एका सहकाऱ्याच्या सासऱ्यांनी नोव्हेंबरात जेवायला बोलावलं, चार तास आधी उघडून ठेवलेली बाटली होती, बारा वर्षं जुनी, आणि मटणासारखं मंद शिजवलेलं बीफ. त्या दिवशी कळलं.

नियमही सांगतो. बारोलो म्हणायचं तर शंभर टक्के नेब्बिओलो, आणि ते ११ गावांच्या हद्दीतलंच. बारोलो, ला मोर्रा, कास्तिल्योने फाल्लेत्तो, सेर्रालुंगा, मोनफोर्ते ही पाच मोठी, बाकी नोवेल्लो, वेर्दुनो, ग्रिन्झाने कावूर, दियानो, केरास्को, रोद्दी. कमीत कमी ३८ महिने मुरवायची, त्यातले १८ लाकडात. रिझेर्वा लिहायचं तर ६२ महिने. १९६६ ला डीओसी, म्हणजे ठरलेल्या भागातल्या वाईनला मिळणारा सरकारमान्य दर्जा, आणि १९८० ला डीओसीजी मिळाली, म्हणजे सरकारी हमीचा सगळ्यात वरचा दर्जा, बाटलीच्या मानेवर नंबर असलेली कागदी पट्टी असते ती हीच.

पण मला खरं बोलायचंय ते मातीबद्दल. अल्बाहून बारोलोकडे जाणारा रस्ता घ्या. ढोबळमानाने त्याच्या पश्चिमेला ला मोर्रा आणि बारोलो, पूर्वेला सेर्रालुंगा, मोनफोर्ते. सगळी जमीन एकेकाळी समुद्राचा तळ होती, साधारण ७० लाख ते १ कोटी ४० लाख वर्षांपूर्वीचा गाळ. पश्चिमेची माती नंतरची, निळसर करडी चुनखडीची चिकणमाती, ओलावा धरणारी. पूर्वेची त्याहून जुनी, तिच्यात वाळूच्या दगडाचे थर, उन्हात पांढुरकी पडणारी. ला मोर्राची बारोलो त्यामुळे मऊ, सुगंधी, लवकर प्यायला येणारी. सेर्रालुंगाची कडक, तुरट, दहा वर्षं तोंड उघडत नाही. एकच द्राक्ष, मधे दहा मिनिटांचा रस्ता. मी एका दुपारी दोन्हीकडे चाखली, तेव्हापासून हे डोक्यातून जात नाही.

कुणी प्यायली आहे का? काही वेगळं माहीत असेल तर जरूर लिहा.

स्वाती_ठाणे

छान लिहिलंय, धुक्याचं वर्णन फार आवडलं. आमचा अनुभव मात्र वेगळा. मुलगा मिलानला ऑफिसच्या कामाने गेला होता, आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बारोलोच्या दोन बाटल्या घेऊन आला, २०२० सालच्या. एक आम्ही त्याच रात्री उघडली, सोबत घरचं मटण, माझ्या माहेरच्या पद्धतीचं म्हणजे चांगलं झणझणीत. खरं सांगते, कोरा चहा तासभर उकळून ठेवावा तशी लागली. यजमानांनी अर्धा ग्लास घेऊन बाजूला ठेवला. मुलाचा चेहरा उतरला, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. बाटली खराब होती का? दुसरी तशीच कपाटात आहे.

तोरिनोकर

स्वातीताई, बाटली खराब असण्याची शक्यता फार कमी. २०२० ची बारोलो नियमानुसार २०२४ च्या जानेवारीत पहिल्यांदा बाजारात आली, म्हणजे अगदीच कोवळी आहे. त्यात तुरटपणा सगळ्यात जास्त असतो, आणि तिखटाने तुरटपणा आणि दारूची जळजळ दोन्ही वाढतात. म्हणजे तुमचं मटण आणि ही वाईन दोघंही चांगले, पण एका ताटात भांडले. शिवाय ठाण्यातली ३० डिग्रीची खोली. ही १६-१८ डिग्रीला प्यायची असते, तेव्हा आधी फ्रीजमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवावी लागेल.

दुसरी बाटली घाईने उघडू नका. ठेवायचं तर घरातल्या सगळ्यात थंड, अंधाऱ्या जागी आडवी, गॅसजवळच्या कपाटात नको. उघडाल तेव्हा दुपारीच उघडा, मोठ्या काचेच्या जगमध्ये ओता, रात्री प्या. सोबत तिखट अजिबात नको. तुपातले मशरूम, खिमा पण गरम मसाल्याचा आणि मिरचीशिवाय, किंवा जुनं कडक चीज. इथे नूडलसारखा अंड्याच्या पिवळ्याचा पास्ता असतो, ताजारीन, लोण्यात परतून वर पांढरा ट्रफल किसतात. ट्रफलचा मोसमही ऑक्टोबर-नोव्हेंबरच, अल्बात तेव्हा त्याची मोठी जत्रा भरते, गावात शिरल्यापासून वास येतो.

निफाडचा_बागाईतदार

वाईन पिणारा माणूस नाही पण द्राक्षाचं नाव बघून धाग्यावर आलो. माझी सात एकर बाग आहे, थॉमसन आणि काही काळी. तुम्ही माती सांगितली, पण छाटणी कशी करतात ते सांगा की. आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला गोडी छाटणी, माल जानेवारी ते मार्च. तिकडं थंडीत वेल झोपतो म्हणजे एकच छाटणी असणार. ओलांडा म्हणजे वेलीचा कायमचा आडवा हात ठेवतात का दरवर्षी नवीन काडी? आणि एकरी टनेज किती निघतं? ही माहिती कुणी देत नाही, सगळे चवीचंच लिहितात.

तोरिनोकर

दादा, हा प्रश्न विचारलात म्हणून फार बरं वाटलं, कारण नेब्बिओलोचा सगळा हट्टी स्वभाव छाटणीतच कळतो.

एकच छाटणी, जानेवारी-फेब्रुवारीत, वेल पूर्ण झोपलेला असताना, बऱ्याचदा खाली बर्फ असतो. ओलांडा ठेवून आखूड छाटणी ह्या जातीला चालत नाही, कारण काडीच्या बुडाकडचे पहिले दोन-तीन डोळे वांझ असतात, त्यातून फूट येते पण घड येत नाही. म्हणून दरवर्षी एक नवीन लांब काडी ठेवतात, आठ-दहा डोळ्यांची, ती कमानीसारखी वाकवून खालच्या तारेला बांधतात. जुन्या पद्धतीचे लोक अजून विलोच्या ओल्या फांदीने बांधतात, प्लास्टिक वापरत नाहीत. घड पुढे येतात त्यामुळे वेलींमध्ये अंतरही जास्त लागतं.

दुसरं म्हणजे ही जात फुटते सगळ्यांत आधी आणि पिकते सगळ्यांच्या शेवटी. एप्रिलात कोंब आले की उशिराच्या हिमदवाची भीती आणि ऑक्टोबरात पावसाची. म्हणून दरीच्या तळाला लावतच नाहीत. बारोलोच्या नियमातच आहे की जमीन उतारावरची हवी, समुद्रसपाटीपासून १७० ते ५४० मीटरच्या मधली, आणि उत्तरेला तोंड असलेली चालणार नाही. जुने लोक सांगतात की थंडी संपताना ज्या उतारावरचा बर्फ आधी वितळतो तिथे नेब्बिओलो. त्याच्या खालच्या जागी बार्बेरा, अजून थंड जागी दोल्चेत्तो, ह्या इथल्या दुसऱ्या काळ्या द्राक्षजाती, आणि अगदी उत्तरेच्या बाजूला हेझलनटची झाडं. अल्बाची ती मोठी चॉकलेट कंपनी फेर्रेरो, तिचे हेझलनट आधी ह्याच उतारांवरचे.

उत्पादन हेक्टरी जास्तीत जास्त ८ टन, कायद्याने. म्हणजे एकरी सव्वातीन टन. त्याच्यावर गेलात तर बारोलो नाव लावता येत नाही.

निफाडचा_बागाईतदार

वांझ डोळ्यांचं वाचून हसू नाही आलं, ओळखीचं वाटलं. थॉमसनचं अगदी तेच दुखणं आहे. बुडाचे डोळे घड देत नाहीत म्हणून तर आम्ही सबकेन करतो, खरड छाटणीनंतरची फूट सात पानांवर खुडायची आणि बगलफुटीतून पुढची काडी करायची, त्या गाठीजवळच्या डोळ्यात घड चांगला बांधतो. म्हणजे पार इटलीतला शेतकरी काडी वाकवून जे करतो ते आम्ही खुडून करतोय. कुठल्या काडीचा कुठला डोळा देईल हे ज्याला कळलं त्याची बाग.

पण एकरी सव्वातीन टनात घर कसं चालतं? आमच्याकडं एक्सपोर्टच्या बागेत ८-१० टन धरतात आणि तरी औषधाचा खर्च निघेल का ही धाकधूक.

तोरिनोकर

आज चालतं कारण बाटलीला भाव आहे. पण चालत नव्हतं तो काळ फार लांबचा नाही. पन्नास-साठच्या दशकात लांगे म्हणजे गरिबी. शेतकरी द्राक्षं अल्बाच्या बाजारात आणायचा, व्यापारी संध्याकाळपर्यंत थांबवायचा आणि पडेल त्या भावाने घ्यायचा, कारण तोडलेला माल परत न्यायचा तरी कुठे. तरुण मुलं शेती सोडून त्याच फेर्रेरोच्या कारखान्यात किंवा आमच्या तोरिनोला फियाटमध्ये गेली. ओसाड घरं अजून दिसतात.

बाजूच्या बार्बारेस्को गावात १९५८ मध्ये तिथल्या पाद्रींनी १९ शेतकऱ्यांना एकत्र करून सहकारी वाईनरी काढली. सुरुवातीचा माल चर्चच्या तळघरात केला. ती संस्था आज इटलीतल्या सगळ्यात मान असलेल्या सहकारी संस्थांपैकी एक आहे. आपल्याकडच्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. बार्बारेस्कोसुद्धा शंभर टक्के नेब्बिओलो, फक्त तानारो नदीच्या जवळ, थोडी खाली आणि थोडी उबदार जागा, म्हणून पिकते जरा लवकर, आणि २६ महिने मुरवली की पुरते.

वाचनखूण

इतिहासाचा भाग राहिलाय म्हणून लिहिते. नेब्बिओलोचा उल्लेख तेराव्या शतकापासून सापडतो, तोरिनोजवळच्या रिव्होलीच्या कागदांत 'निबिओल' म्हणून. म्हणजे आपल्याकडे देवगिरीला यादव राज्य करत होते त्या सुमारास. पण बारोलो ही आजची कोरडी, गंभीर वाईन इतकी जुनी नाही. द्राक्ष उशिरा तोडायचं, तळघरात नोव्हेंबरची थंडी, रस आंबायचा अर्ध्यात थांबायचा आणि साखर तशीच उरायची. अमेरिकेचे थॉमस जेफर्सन १७८७ मध्ये तोरिनोला आले तेव्हा त्यांनी ही वाईन मदेरासारखी गोड, बोर्दोसारखी तुरट आणि शॅम्पेनसारखी फसफसणारी असल्याचं नोंदवून ठेवलंय. फसफसणारी गोड नेब्बिओलो!

बदल झाला एकोणिसाव्या शतकात. तिथे ज्युलिया फाल्लेत्ती, बारोलोची मार्केझा म्हणजे तिथल्या उमराव घराण्यातली सरदारीण, ह्या बाईंचं नाव घेतात. जन्म १७८५ चा फ्रान्समधला, माहेरचं आडनाव कोल्बेर, लग्न होऊन तोरिनोला आल्या. वाईनच्या पुस्तकांत त्यांचं काम एका ओळीत संपवतात ते मला खटकतं. त्यांनी तोरिनोच्या तुरुंगातल्या बायकांसाठी वर्षानुवर्षं काम केलं, त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, मुलींसाठी शाळा काढल्या. १८६४ मध्ये वारल्या, मूलबाळ नव्हतं, इस्टेट धर्मादाय संस्थेला गेली.

नेहमीची गोष्ट अशी सांगतात की त्यांनी लुई उदार नावाच्या फ्रेंच वाईन व्यापाऱ्याला बोलावलं आणि त्याने गोडाची कोरडी करून दाखवली. पण अलीकडे काही अभ्यासकांनी कागदपत्रं काढून दाखवलंय की श्रेय आधी पाओलो फ्रान्चेस्को स्ताल्येनो ह्या इटालियन अधिकाऱ्याला जायला हवं, त्याने १८३० च्या दशकात पूर्ण आंबवून कोरडी वाईन करायची पद्धत लिहून काढली होती आणि कावूरच्या ग्रिन्झानेच्या मळ्यात तो काम पाहत होता. हो, तोच कावूर, इटलीच्या एकीकरणाचा. १८३२ पासून १७ वर्षं तो त्या खेड्याचा महापौर होता, देशाचं राजकारण नंतर. मला स्ताल्येनोची बाजू जास्त पटते. फ्रेंच माणूस आला आणि गावंढळ वाईन सुधारली ही गोष्ट ऐकायला सोपी आहे म्हणून इतकी टिकली.

तोरिनोकर

वाचनखूण, मनापासून आभार. स्ताल्येनोचं इथल्या बऱ्याच वाईनरींच्या भिंतींवर अजून आलेलं नाही, टूरवर तीच फ्रेंच गोष्ट सांगतात. अजून एक भर घालतो. सेर्रालुंगाची फोन्तानाफ्रेद्दा नावाची मोठी इस्टेट राजा व्हिक्टर इमॅन्युएल दुसरा ह्याने १८५८ मध्ये आपली प्रेयसी रोझा व्हेर्चेल्लाना हिच्यासाठी घेतली, सामान्य घरातली मुलगी, इथले लोक तिला अजून 'बेला रोझिन' म्हणतात. त्यांच्या मुलाने तिथे पुढे वाईनचा धंदा उभा केला. पिवळ्या-विटकरी पट्ट्यांच्या इमारती अजून आहेत.

म्युनिकचा_अजित

बारोलोच्या धाग्यावर मोठ्या पिंपांचं आणि लहान पिंपांचं भांडण अजून निघालं नाही म्हणजे कमाल.

थोडक्यात सांगतो. जुनी पद्धत म्हणजे रस सालांसकट एक-दोन महिने ठेवायचा, मग स्लाव्होनियन ओकच्या प्रचंड मोठ्या पिंपांत, हजारो लिटरच्या, वर्षानुवर्षं. ८० च्या दशकात तरुण पोरं उठली. त्यातला एक वाईन करणारा, एलिओ आल्तारे, १९७६ ला फ्रान्सच्या बरगंडीत जाऊन आला, तिथल्या शेतकऱ्यांची गाडी-घर बघितलं, आणि १९८३ मध्ये त्याने वडिलांची जुनी पिंपं चेनसॉने कापली. वडिलांनी त्याला वारशातून काढलं. पुढे ह्या लोकांनी सालांसोबतचे दिवस आठ-दहावर आणले आणि २२५ लिटरची नवी फ्रेंच लहान पिंपं आणली, त्यांना 'बारिक' म्हणतात. उन्हाळ्यात अर्धे घड कापून जमिनीवर टाकायला लागले, आधीच्या पिढीला ते पाप वाटायचं, अन्न मातीत टाकणं. दुसऱ्या बाजूला जुन्या पद्धतीचे बार्तोलो मास्कारेल्लो, त्यांनी १९९९ ला स्वतःच्या हाताने रंगवलेल्या लेबलवर लिहिलं 'बारिक नको, बेर्लुस्कोनी नको', बेर्लुस्कोनी म्हणजे इटलीचा पंतप्रधान राहिलेला नेता.

तोरिनोकर बहुतेक जुन्यांच्या बाजूचे असणार, पण माझं मत सांगतो. १९८६ मध्ये इटलीत स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळल्याने वीसहून जास्त माणसं गेली, तो माल ह्याच भागातल्या एका व्यापाऱ्याकडून निघाला होता. इटालियन वाईनवरचा विश्वास उडाला. अशा वेळी ह्या तरुणांनी स्वच्छ तळघरं, कमी उत्पादन, स्वतः बाटली भरून स्वतःच्या नावाने विकणं हे सगळं केलं नसतं तर आज ती गावं उरली असती का?

तोरिनोकर

अजित, मी जुन्यांच्या बाजूचा आहे हे खरं. नव्या ओकमुळे व्हॅनिला आणि कॉफीचा वास येतो आणि मग ती बारोलो आहे की दुसरं काही हे कळायला वेळ लागतो. ला मोर्रा आणि सेर्रालुंगा ह्यांतला जो फरक मी वर लिहिला, तो जड ओकमध्ये पुसला जातो, आणि माझ्यासाठी तोच फरक ह्या वाईनचा जीव आहे.

पण तुमचं म्हणणं खोडता येत नाही. जुन्या पद्धतीची म्हणून जी वाईन मिळायची त्यातली बरीचशी घाणेरड्या पिंपांतली, वास मारणारी होती, हे म्हातारे शेतकरी स्वतः सांगतात. चेनसॉच्या गोष्टीत मला नेहमी दोघांचंही दुःख दिसतं, बापाचंही आणि मुलाचंही. आज बरेच जण मधल्या वाटेवर आलेत, मोठी पिंपं परत आली पण ती नवी आणि स्वच्छ, सालांसोबत महिनाभर, आणि उन्हाळ्यातली घड-विरळणी सगळेच करतात. आणि एका टेकडीच्या तुकड्याचं नाव लेबलवर लिहायचं, ब्रुनाते, काननुबी, मोनप्रिव्हातो, हे सगळ्यांनी धरलं. २०१० पासून अशा तुकड्यांच्या हद्दी अधिकृत नकाशावर आल्यात, १८१ नावं आहेत. काननुबी तर इतकी जुनी की १७५२ सालची ते नाव लिहिलेली बाटली एका घराण्याने जपून ठेवली आहे, बारोलो हे नाव वाईनला लागायच्या आधीची.

रेवा_माहीम

सगळं वाचून प्यायची इच्छा झाली, पण मुंबईत बारोलोची किंमत बघून दुकानातून परत आले. कित्येक वर्षं इंपोर्टेड वाईनवर १५० टक्के मूळ कस्टम ड्युटी, वर राज्याचे कर, इथे येईपर्यंत बाटलीचं काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एकदा मी हिंमत करून घेतली होती, तर दुकानात ती काचेच्या शोकेसमध्ये उन्हात उभी ठेवलेली, घरी उघडली तर मनुका शिजवलेल्या पाण्यासारखी. साडेआठ हजार गेले. नेब्बिओलो स्वस्तात चाखायचा काही मार्ग आहे का? आणि आपल्याकडे कुणी लावतं का?

तोरिनोकर

रेवा, वाचून खरंच वाईट वाटलं. तुमच्या बाटलीला उष्णतेने मारलं, वाईनचा दोष नव्हता.

स्वस्तात चाखायची तर लेबलवर 'लांगे नेब्बिओलो' शोधा. तीच टेकडी, बऱ्याचदा तोच शेतकरी, तरुण वेलींचा किंवा कमी उन्हाच्या जागेचा माल, लवकर बाटलीत भरलेला. इथे १२ ते २० युरोला मिळते, बारोलो चांगली हवी तर ३५ च्या पुढेच. गुलाब तिथेही भेटतो आणि तुरटपणा अंगावर येत नाही. मी स्वतः रोजच्या जेवणाला हीच घेतो. नदीपलीकडच्या रोएरोची पण चांगली, तिथे माती रेताड म्हणून वाईन हलकी, फुलांच्या वासाची.

दुसरा रस्ता म्हणजे डोंगरातले चुलतभाऊ. आमच्याच पिएमोन्ते प्रांताच्या उत्तरेला गात्तिनारा आणि गेम्मे, तिथे नेब्बिओलोला 'स्पान्ना' म्हणतात, गात्तिनाराची जमीन ज्वालामुखीची, वाईन जरा आंबट आणि खनिज चवीची. कारेमा, आल्प्सच्या पायथ्याशी, दगडी खांबांवर चढवलेले मांडव. आणि लोम्बार्दीत स्विस सरहद्दीजवळ वाल्तेल्लिना, तिथे नाव 'कियावेन्नास्का', डोंगराच्या भिंतीला दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या, सगळं हाताने. तिथली माणसं टोपल्या पाठीवर घेऊन चढताना बघितली की बाटलीच्या किमतीबद्दल तक्रार करवत नाही.

आपल्याकडे नेब्बिओलो लावलेली माझ्या तरी पाहण्यात नाही. इटालियन जात म्हणाल तर सांजोव्हेझे, किआन्तीची, ती अकलूजजवळ आहे, तिथल्या वाईनरीत इटालियन भागीदार आहेत. सांजोव्हेझे जुळवून घेणारी आहे. नेब्बिओलोने कॅलिफोर्निया, ऑस्ट्रेलियातही थोड्याच लोकांना साथ दिली.

निफाडचा_बागाईतदार

आमच्या हवेत ती जात कशी जमेल? वेल झोपत नाही आणि पिकायच्या वेळी धुकं नाही, ऊन चढत जातं. उशिरा पिकणाऱ्या मालाला थंड रात्री पाहिजेत, नाहीतर साखर पळते पुढं आणि आंबटपणा राहतो कुठं. लावून बघायची तर फार उंचावर लागेल. आमच्याकडं धुकं आलं की छातीत धस्स होतं, डावणी-भुरीसारखे बुरशीचे रोग, मणी तडकणं सगळं एकदम. तिकडं धुक्याचं नाव द्राक्षाला देतात ह्याचं नवल वाटतं. साल जाड असते का?

तोरिनोकर

साल पातळ पण चिवट असते दादा, म्हणून शेवटपर्यंत टिकते. रंग कमी आणि तुरटपणा जास्त ह्याचं कारण पण सालातच, रंगद्रव्य कमी आणि आहे तेही लवकर उडणारं. डावणी-भुरी इथेही येतेच. त्यावर मोरचूद-चुन्याची फवारणी इथेही चालते, ओळीच्या ओळी निळसर दिसतात जूनमध्ये.

धुकं दरीत असतं, उतारावरच्या वेलींवर दहा-अकरा वाजेपर्यंत ऊन आलेलं असतं, ते महत्त्वाचं. पण तुमच्या ऊन चढण्याच्या मुद्द्यावर सांगतो, तेच संकट आता इथे आलंय. पूर्वी तोडणी ऑक्टोबरच्या शेवटी, आता बऱ्याच वर्षी सप्टेंबरअखेर सुरू होते. २०१७ आणि २०२२ ला तर पाऊस जवळजवळ नव्हताच, २०२२ ला वेल पिवळे पडलेले मी पाहिले. आजोबा ज्या उत्तरेच्या उतारांना हात लावत नव्हते तिथे नातवंडं आता चौकशी करतायत. चांगली बाजू म्हणजे पूर्वी दहा वर्षांत तीन वर्षं माल धड पिकायचा, आता बहुतेक वर्षी पिकतो. २०१६ सारखं वर्ष, लांब, थंड रात्रींचं, ते मात्र आता क्वचित. तुमच्याकडे २०१६ ची कुणाकडे दिसली तर सोडू नका.

स्वाती_ठाणे

परत आले सांगायला. दुसरी बाटली ठेवणार होते पण मुलगा परवा बंगलोरहून आला होता आणि त्याच्या मनात ते राहून गेलेलं मला माहीत होतं. तुम्ही सांगितलं तसं केलं. दुपारी दोनला उघडली, स्टीलच्या नाही, काचेच्या जगमध्ये ओतली, रात्री साडेआठला अर्धा तास फ्रीजमध्ये. मशरूम तुपात, काळी मिरी थोडीशी, आणि एक मटण केलं पण ते सासूबाईंच्या पद्धतीचं, कांदा-खोबरं भाजून, तिखट जवळजवळ नाही, मंद आचेवर दोन तास.

पहिल्या घोटाला परत तुरट वाटली. मग मटणाचा घास घेऊन प्यायले तर ते तुरट कुठे गेलं कळलं नाही, मागे सुक्या गुलाबाचा वास राहिला. यजमान म्हणाले माझ्या आजीच्या लाकडी पेटीचा वास आहे, त्यात ती गुलाबाच्या पाकळ्या ठेवायची. बाटली संपली. लेबल बघितलं तर त्यावर सेर्रालुंगा लिहिलंय, म्हणजे तुम्ही म्हणता ती कडकवाली.

तोरिनोकर

स्वातीताई, हे वाचून किती आनंद झाला सांगता येत नाही. सेर्रालुंगाची २०२० आणि तीही आत्ता, तरी तुम्ही तिला बोलतं केलंत. मुलाला सांगा पुढच्या वेळी ला मोर्राची आण, आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा.

निफाडचा_बागाईतदार

तोरिनोकर, फेब्रुवारीत तिकडं छाटणी चालू असंल तेव्हा काडी वाकवून बांधतात त्याचा एक जवळून फोटो टाका. किती डोळ्यांवर कापतात आणि पुढच्या वर्षीसाठी बुडाला खुंट ठेवतात का तेवढं दिसलं पाहिजे.

तोरिनोकर

ठेवतात, दोन डोळ्यांचा खुंट, पुढच्या वर्षीची काडी त्याच्यातूनच. ज्यांच्याकडे मी जेवलो होतो त्या सहकाऱ्याच्या सासऱ्यांची मोनफोर्तेला अर्धा एकर जुनी बाग आहे, ते अजून विलोनेच बांधतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी जातोय, फोटो काढून इथेच टाकतो. तुमच्या सबकेनचाही एक टाका दादा, मी त्यांना दाखवीन.